भंडारा रोडवरचे चौघे

अड्याळ,
२ फेब्रुवारी १९८९

प्रिय रुखमिणी,

“या चौघाईले नीट पाहून ठेव, पुढं लेकराले सांगाले कामी येईन.” भंडारा रोड स्टेशनच्या फलाटावर तुझे बाबा माझ्या कानाशी हे वाक्य कुजबुजले, त्याला येत्या होळीला एकवीस वर्षं होतील. आमच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तोवर ते माझ्याशी इतकं लांब वाक्य कधी बोलले नव्हते, आणि बोलले तेही दुसऱ्याच कुणाबद्दल. तू तेव्हा जन्मायची होतीस. पण त्या वाक्यातलं लेकरू म्हणजे तूच, आणि त्याच चौघांपायी दिवाळीपासून तुम्ही बापलेक एकमेकांशी बोलत नाही. तुझी पत्रं येतात. वर फक्त ‘प्रिय आई’ असतं. पाकीट पोस्टमनकडून घेतात मात्र बाबाच, आणि माझ्यापुढे ठेवताना ‘तुझ्या लेकीचं’ म्हणतात. तुझा नंबर आला की तू त्यांची असतेस, राग आला की माझी एकटीची.

घरचं सगळं ठीक आहे. धान निघालेल्या बांधीत लाखोळीची डाळ फुलावर आहे. आपल्या धानाच्या मिलवर गाड्यांची रांग आहे. बेबीबाईच्या गुडघ्याचं दुखणं तू दिलेल्या गोळ्यांनी थांबलं, पण ते तिने स्वतः डोंगरातल्या पाल्याचा लेप लावला म्हणून थांबलं असं ती सांगते, तेव्हा तू डॉक्टर झाल्यावर या गावात दवाखाना काढायचा विचार नीट करूनच कर. शेजारच्या उषाबाई तुझी चौकशी करतात. तुझ्या खोलीत मी तुकडा तांदळाची, कनकीची पोती ठेवली आहेत, ती तू येण्याआधी काढीन.

आता त्या स्टेशनविषयी. ही गोष्ट तू लहानपणापासून इतक्यांदा ऐकली आहेस की तुला ती पाठ आहे, पण ती नेहमी बाबांच्या तोंडून. माझ्याकडून तू कधी ऐकली नाहीस. मी आमगावला माहेरी गेले होते आणि ते मला न्यायला आले होते. पॅसेंजरने भंडारा रोडला उतरलो आणि बसला वेळ होता म्हणून फलाटावरच थांबलो. तिथे लिंबाच्या झाडाखाली चार गोरी माणसं बसली होती. मानेपर्यंत केस, गळ्यात मण्यांच्या माळा, अंगात कळकट झब्बे. त्या दिवसांत नागपूरच्या पेपरात रोज छापून यायचं की विलायतेतले बीटल्स नावाचे चौघे गाणारे ऋषिकेशला एका आश्रमात ध्यान शिकायला आले आहेत. बाबांनी माणसं मोजली, केस पाहिले, आणि त्यांची खात्री पटली. माझ्या आईने वाटेसाठी दिलेली शिदोरी त्यांनी माझ्या हातातून घेतली आणि सरळ त्या लोकांपुढे सोडली. लाखोळीच्या डाळीचे वडे होते, हिरवी मिरची वाटून घातलेले. चौघांनीही खाल्ले. त्यातल्या एकाने तर डोळ्यांतून पाणी गळत असताना खाल्ले, आणि पोट भरल्यावर आमच्या पत्र्याच्या ट्रंकेवर बोटांनी ठेका धरला. त्याच्या बोटांत अंगठ्या होत्या. बीटल्सचा ड्रमवाला रिंगो अंगठ्या घालतो, हे बाबांनी कुठेतरी वाचलं होतं. झालं. नवी बायको उपाशी उभी आहे याचं भान त्यांना भंडाऱ्याला पोचेपर्यंत आलं नाही. ट्रंकेला त्या ठेक्याने पोचा आला असं ते सांगतात. तो पोचा माझ्या लग्नात, ट्रंक छकड्यातून उतरवताना तुझ्या मोठ्या मामाने पाडला होता.

या इंग्रजी गाण्यांचं वेड त्यांना कुठून लागलं हे तू एकदा विचारलं होतंस, तेव्हा मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. खरं तर ते वेड भिंतीतून आलं. मिलच्या आधी बाबा एक वर्ष नागपूरला कॉलेजात होते आणि अजनीला खोली करून राहत होते. पलीकडे एका अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हरचं बिऱ्हाड होतं आणि त्यांच्याकडे संध्याकाळभर रेकॉर्डी वाजायच्या. भिंतीतून शब्द येत नाहीत, ठेका येतो. म्हणून आजतागायत बाबांना एकाही इंग्रजी गाण्याचा अर्थ माहीत नाही आणि त्याचं त्यांना वाईटही वाटत नाही. वर्षाअखेर ते नापास झाले, तुझ्या आजोबांनी त्यांना परत बोलावून धानाच्या मिलवर बसवलं, आणि येताना ते रेडिओ घेऊन आले. सिलोन लागायचं, कधी लंडन लागायचं, अर्धं गाणं समुद्रात बुडायचं. मग त्यांनी माहिती जमवायला सुरुवात केली. कोण कुठल्या गावचा, कुणाचा बाप काय करायचा, कुणाचं कुणाशी पटत नाही. आपल्याकडे सोयरीक ठरवण्याआधी करतात तशी चौकशी त्यांनी लिव्हरपूलच्या चार घरांची केली. माझ्या माहेरची एवढी केली नव्हती.

मिलवर प्रश्न विचारायची पद्धत कशी पडली ते मात्र तुला ठाऊक नसेल, तू पाळण्यात होतीस. दिवाळीनंतर नवं धान येतं आणि सगळ्यांना आपली पोती आधी भरडून हवी असतात. एका सकाळी यादोराव आणि कृष्णराव, दोघांचे छकडे एकदमच फाटकात घुसले आणि चाकात चाक अडकलं. दोघेही मागे हटेनात. बैलसुद्धा कंटाळले. बाबा बाहेर आले आणि म्हणाले, जो उत्तर देईल त्याचं धान आधी. चौघांतला डावखुरा कोण? यादोरावांनी बोटं मोजून चार नावं आठवली आणि पॉल म्हणाले, कारण तेच नाव आधी सुचलं. पॉल खरंच डावखुरा. यादोरावांचं धान आधी भरडलं गेलं आणि त्या दिवसापासून अड्याळच्या मिलवर नंबराचं भांडण असं मिटायला लागलं. लोक बांधीत रोवणी करताना एकमेकांना प्रश्न घालायचे. पुढे दोन वर्षांनी बाबांना कुठूनसं कळलं की रिंगोसुद्धा जन्माने डावखुराच, पण त्याच्या आजीने त्याची सवय मोडून त्याला उजव्या हाताने लिहायला लावलं. बाबा दोन दिवस बेचैन होते. मग कृष्णरावांच्या घरी स्वतः जाऊन त्यांनी सांगितलं की त्या दिवशीचा निकाल चुकला होता, तेव्हा या हंगामात तुमचं धान सगळ्यात आधी. कृष्णराव म्हणाले, मी तर त्या वेळी उत्तरच दिलं नव्हतं. बाबा म्हणाले, प्रश्न चुकीचा असला तर हरणाऱ्याचाही हक्क असतो. गावातल्या बायकांना मात्र त्या आजीचं फार पटलं.

मिलवर बसून लोकांनी त्या चौघांचा सगळा संसार पाहिला म्हण ना. त्यांच्यातल्या एकालाही गाणं कागदावर लिहिता-वाचता येत नाही हे कळलं, तेव्हा आपल्या भजनमंडळाचे गोमाजी आठवडाभर ताठ मानेने हिंडले. सत्तर साली ते वेगळे झाले आणि एकाने कोर्टात दावा लावला, तेव्हा इथल्या लोकांना काही समजावून सांगावं लागलं नाही. ही भाऊवाटणी आहे हे सगळ्यांनी लगेच ओळखलं. गडीमाणसांनी सांगितलं की बायका आल्या म्हणून घर फुटलं, ती जपानी बायको कारण. बेबीबाई आपली धानाची टोपली घेऊन रांगेत बसली होती. ती म्हणाली, चार जण एका जागी इतके दिवस राहिले हेच नवल माना, माझ्या घरचे दोघं एक पावसाळा नाही राहिले, आणि तिथं जपानी कोणी नव्हती.

ऐंशीच्या डिसेंबरात जॉनला अमेरिकेत कुणीतरी गोळ्या घातल्या, तो दिवस तुला आठवत असेल, तू अकरा वर्षांची होतीस. बाबांनी रेडिओवर ऐकलं आणि ऐन हंगामात मिल बंद केली. बाहेर गाड्या उभ्या होत्या. कुणी कुरकुर केली नाही. माणसं डोक्यावरची टोपी काढून ओसरीत येऊन बसली, मयताच्या घरी बसतात तशी. मग यादोरावांनी घसा साफ करून विचारलं, “लेकरं किती हायेत?”

“दोन पोरं,” बाबा म्हणाले.

“ल्हान हायेत?”

“धाकटा पाच वर्साचा.”

“अरेरे,” यादोराव म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले. उषाबाईंनी पिठलं-भाकर पाठवली, कारण दुःखाच्या घरी चूल पेटवायची नसते. मी ती घेतली. नाकारायची कशी, आणि काय सांगून?

हे सगळं आज लिहिते आहे कारण दिवाळीच्या पाडव्यानंतर मिलवर जे झालं ते तू फक्त तुझ्या बाजूने पाहिलंस. तू नागपूरहून लायब्ररीतलं जाड इंग्रजी पुस्तक घेऊन आली होतीस. मला वाटलं बाबांसाठी आणलं, आणि तू आणलंही त्यांच्यासाठीच होतंस, हे मी आजही मानते. मिलवर त्या दिवशी कृष्णरावांचे नवे जावई आले होते, सौंदडचे. नवा श्रोता मिळाल्यावर बाबांनी स्टेशनची गोष्ट सुरू केली. वडे झाले, ट्रंक झाली, अंगठ्या झाल्या. आणि तू पुस्तक उघडलंस. चौघेही विमानाने दिल्लीला आले, मोटारीने ऋषिकेशला गेले. रिंगो तर दहा-बारा दिवसांतच कंटाळून परत गेला. लहानपणी पोटाच्या दुखण्याने तो मरता मरता वाचला होता, त्याला तिखट चालत नव्हतं, म्हणून विलायतेहून येताना त्याने शेंगदाण्यांएवढ्या, शिजवलेल्या घेवड्याच्या बियांचे डबे बॅग भरून आणले होते. गंमत अशी, की ही डब्यांची माहिती मुळात बाबांचीच. स्वतःच्या घरचं खाणं बांधून नेणारा माणूस म्हणून त्यांनी रिंगोचं कितीतरी कौतुक केलं होतं. तुझ्या वकिलीतले अर्धे पुरावे त्यांच्याच पोतडीतले होते.

“त्या तारखेले तो लंडनले आपल्या घरी बसला होता, बाबा,” तू म्हणालीस. “मिरचीचे वडे त्यानं कसे खाल्ले?”

बाबा म्हणाले, “पुस्तक लिवणारा भंडारा रोडले होता काय?”

“तुम्ही पाहिले ते हिप्पी होते. असे हिप्पी तेव्हा दर स्टेशनले बसून राहत.”

तेवढ्यावर राहिलं असतं तरी चाललं असतं. बाबांनी पाचगणीची आठवण काढली. क्वीन नावाच्या बँडचा गाणारा मूळचा पारशी आणि तो आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला, हे त्यांनी सांगितलं तेव्हाही तू खोटंच म्हणाली होतीस आणि ते खरं निघालं होतं. तू म्हणालीस, एक खरं निघालं म्हणून सगळं खरं होत नाही. हे तू बरोबर बोललीस. पण तेव्हाच कृष्णरावांचे जावई हसले. दुसरा कुणी असता तर चारजणांनी त्याला गप्प केलं असतं, पण जावयाला कोण बोलणार? जावई हसले म्हणून सासऱ्याला हसावं लागलं, सासरा हसला म्हणून रांगेतल्या तुलारामला. बाबा उठले. आत गेले आणि त्यांनी इंजिन सुरू केलं. पट्टा फिरायला लागला, धान भरडणारा हलर धडधडायला लागला, आणि मग कुणाला कुणाचंच ऐकू येईना.

दुसऱ्या दिवशी तू निघालीस. बसच्या पायरीवरून ‘बाबा, येते मी’ असं दोनदा म्हणालीस. ते पाठमोरे उभे राहून टपावर चढणारं सामान पाहत राहिले. तू रडत बसमध्ये चढलीस ते मी पाहिलं. त्या वेळी मलाही त्यांचा फार राग आला होता. इतका राग की रात्रीच्या भाजीत मीठ घालायचं विसरले, आणि त्यांनी ते न बोलता खाल्लं, तेव्हा आणखीच आला.

त्यानंतर मिलवर प्रश्न बंद झाले. बाबांनी पत्र्याचे तुकडे कापून त्यावर रंगाने आकडे लिहिले आणि फाटकाजवळ खिळ्याला टांगले. जो आला त्याने बिल्ला घ्यायचा. ऐकायला किती सरळ वाटतं. पहिल्याच आठवड्यात यादोराव आणि तुलाराम दोघांच्या हातात एकच बिल्ला होता, एकाने वरून धरलेला, एकाने खालून, आणि त्या ओढाताणीत तुलारामचं पोतं फाटून धान नालीत गेलं. एकाने बैलाच्या शिंगात आदल्या दिवशीचा बिल्ला अडकवून ठेवला आणि बैलाचा नंबर आहे म्हणून सांगितलं. गोमाजींनी एकदा वातावरण सुधारावं म्हणून मागून स्वतःहूनच विचारलं, का हो वासुदेवराव, चौघांत वयानं मोठा कोण? बाबांनी वळूनही पाहिलं नाही. गोमाजी घरी येऊन मला म्हणाले, पोरीनं बापाले पुरतं तोडलं. बेबीबाईचा निकाल थोडा वेगळा होता. ती म्हणाली, “पोरगी खरी असन. पण खरं सांगाले मिलवरच याव लागते काय? घरात सांगतलं असतं, तर बाप घरातच हारला असता.” मी तुझी बाजू घेतली. पण बाई चूल पेटवून देऊन गेल्यासारखं ते वाक्य माझ्या डोक्यात धुमसत राहिलं.

आता तुला एक सांगते, आणि ते वाचून तू हसशील. पुस्तकाशिवायही मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की ते चौघे कोण नव्हते. त्या चौघांतली एक बाई होती. पायजमा-झब्बा घातलेली, केस मोकळे, आमच्याकडे पाठ करून बसलेली, म्हणून बाबांना दिसली नाही. वडे संपल्यावर ते तिकडे ठेका ऐकत होते तेव्हा ती माझ्याजवळ आली आणि हातवारे करून काय विचारते आहे ते मला लगेच कळलं, कारण ते कुठल्याही देशातल्या बाईचं कुठल्याही देशातल्या बाईला कळतंच. मी तिला फलाटाच्या टोकाला बायकांच्या मुतारीपाशी नेलं. दाराला कडी नव्हती. मी बाहेरून दार धरून उभी राहिले आणि तिची झोळी माझ्या खांद्यावर होती. बाहेर आल्यावर तिने माझे दोन्ही हात धरले आणि काहीतरी बोलली. बीटल्समधला कुठलाही जॉर्ज असं करणार नाही. परत आले तर तुझे बाबा माझ्याकडे असे पाहत होते की जणू आम्ही दोघांनी मिळून काही मोठं काम केलं आहे. त्या नजरेपुढे माझ्या तोंडून काही निघालं नाही. पुढच्या वर्षी सांगू, असं ठरवलं. मग पुढच्या वर्षी तू झालीस. मग मिलवर ती गोष्ट रुळली, आणि मला तर एव्हाना ती आवडायलाही लागली होती. त्या गोष्टीत ते माझ्या आईच्या वड्यांचं नाव घेतात. एरवी ते माझ्या माहेरच्या कशाचंच नाव घेत नाहीत.

गेल्या सोमवारची गोष्ट. दुपारी ते जेवायला आले, जेवून ओसरीत बसले आणि रेडिओ लावला. मी आतून धुणं घेऊन आले तर रेडिओ नुसता खरखरत होता. कुठलंच स्टेशन नव्हतं, दोन स्टेशनांच्या मधली ती खरखर असते ना, तीच, आणि चांगली मोठ्याने. आणि बाबा डोळे मिटून मांडीवर ताल धरून बसले होते. मी मागून विचारलं, अजी, हे काय लावलं? उत्तर नाही. पुन्हा विचारलं. मग मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी डोळे उघडले, माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग रेडिओकडे.

“स्टेशन नाही लागलं काय?” त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

“माझं आतल्या आत चालू असते,” ते म्हणाले. “भाएर काय लागलं ते आता मले समजत नाही.”

किती दिवसांपासून, असं विचारायला मला वाकून त्यांच्या तोंडासमोर बोलावं लागलं. ते म्हणाले, मिलवर कुणाला काही कळत नाही, तिथे सगळेच बहिरे असतात. लोकांच्या ओठांवरून बरंच समजतं. पाठीमागून बोललं की नाही. बुधवारी मी त्यांना भंडाऱ्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की हलरच्या आवाजाने कानातली नस हळूहळू गेली आहे, ती काही परत यायची नाही. कानात घालायचं यंत्र मिळेल, त्याने समोरच्याचं बोलणं थोडंफार कळेल, गाणं नाही कळणार. बाबांनी त्या डॉक्टरांना सांगितलं की बीथोवन नावाचा एक मोठा संगीतकार पूर्ण बहिरा झाल्यावरही काम करत होता. डॉक्टर म्हणाले, हो, पण तो संगीत लिहायचा, तुम्ही काय करता? बाबा म्हणाले, “मी माहिती ठेवतो.” डॉक्टरांना हसू आलं. मलाही आलं असतं, एरवी.

परतताना बसमध्ये त्यांनी मला बजावलं की रुखमिणीला हे कळवायचं नाही, ती परीक्षा सोडून येईल आणि पुन्हा पुस्तक घेऊन येईल. म्हणून तुला हे कळलं आहे हे त्यांना कळू देऊ नकोस. दिवाळीत तू चार दिवस घरात होतीस आणि तुलाही समजलं नाही, याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तुम्हाला नाक-कान-घसा अजून शिकवायचं असेल. मी तर त्यांच्याबरोबर रोज राहते, मलाही समजलं नाही. आणि बसच्या पायरीवरचं तुझं ते दोनदा म्हणणं. ते पाठमोरे होते, बाई. त्यांनी ऐकलंच नाही. मी बुधवारी त्यांना विचारलं. ते म्हणाले, मी मागे वळलो तेव्हा बस निघून गेली होती, पोरगी न सांगता गेली. तेव्हापासून तेही हेच धरून बसले आहेत.

आता हे पत्र का, ते सांगते. त्यांच्याजवळचं गाणं संपलं, माहिती तेवढी राहिली. ती सगळी कुणीतरी सांगितलेली, कुठंतरी छापलेली. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली अशी त्यांच्याकडे एकच गोष्ट होती. म्हणून या पाकिटात मी एक कोरं पोस्टकार्ड घातलं आहे, मिलचा पत्ता लिहून. त्यावर एवढंच लिही की बाबा, दुसरं एक पुस्तक सापडलं, आधीचं चुकलं होतं, भंडारा रोडवर तुम्ही पाहिले ते तेच होते. आंतरदेशीय पाठवू नकोस, ते फक्त बाबा वाचतील. पोस्टकार्ड आधी आपले पोस्टमास्तर वाचतात, मग पोस्टमन, मग वाटेत जो भेटेल तो, आणि बाबांच्या हातात पडेपर्यंत ते कृष्णरावांच्या घरी पोचलेलं असेल आणि तिथून सौंदडला. मला माहीत आहे, तू लिहिणार नाहीस. चौथीत असताना गुरुजींनी चुकून दोन मार्क जास्त दिले तेव्हा परत द्यायला पावसात गेली होतीस, ती तू. मी तुला खोटं लिहायला सांगते आहे आणि तेही शाईने, हे मला कळतं. तुझ्या जागी मीही नाहीच म्हटलं असतं. तरी मागते. लिही, आणि अक्षर जरा मोठं काढ, पोस्टमास्तरांना हल्ली नीट दिसत नाही.

तुझीच,
आई